घरच्या मिरचीचे बी



सकाळी कामाला निघालेल्या माणसाच्या फडक्यात भाकरी असते, आणि भाकरीबरोबर आणखी काही असो वा नसो, मिरची असतेच. कधी ती ठेचून आलेली असते, कधी तेलावर परतून, तर कधी नुसतीच मिठाबरोबर. पाहुणा येवो, सण येवो की दुष्काळ येवो, मिरचीला सुट्टी म्हणून नाही. इतकी ही रोजची वस्तू. पण तिचे बी कुठून येते असे विचारले, तर आज आपल्यांपैकी बहुतेक जण सांगतील, "दुकानातून." पन्नास वर्षांमागे हाच प्रश्न विचारला असता तर घरातली बाई म्हणाली असती, "उतरंडीतून." या दोन उत्तरांच्या मधल्या वाटेवर आपले काय हरवले, आणि ते आपल्या परसात, निदान चार कुंड्यांत, परत कसे आणावे, याविषयी आज मी चार शब्द सांगणार आहे.

मी पेशाने प्राथमिक शिक्षक. आता निवृत्त आहे. गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, कर्नाटकाच्या शिवेजवळ. आमच्याकडे घरामागच्या मोकळ्या जागेला परडे म्हणतात. या परड्यात आमची आई दरवर्षी पंधरा-वीस मिरचीची झाडे लावायची. त्या मिरचीला नाव नव्हते. आम्ही तिला नुसती "घरची मिरची" म्हणायचो. हाताच्या करंगळीपेक्षा जरा लांब, देठाशी सुरकुतलेली, टोकाला किंचित बाकदार, आणि झाडाला खाली तोंड करून लोंबणारी. तिखट बेताची, पण वास असा की चुलीवर परतायला घेतली की शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारायची, "आज खर्डा व्हय?"

तिचे बी आई राखेत मिसळून एका लहान गाडग्यात ठेवायची आणि गाडग्याचे तोंड फडक्याने बांधायची. हे गाडगे उतरंडीच्या अगदी वरचे. त्याला आम्हा मुलांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

१९९४ साली मी तालुक्याच्या गावाहून संकरित मिरचीच्या बियांची पुडी आणली. पुडीवर तांबड्याभडक मिरच्यांचे चित्र होते. पीक खरोखरच चांगले आले. उगीच कुणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तोडे जास्त मिळाले, दोन पैसे हाती आले. मी आईला म्हणालो, "आता ती जुनी मिरची कशाला? जागा अडते." आई काही बोलली नाही. तिची प्रकृतीही त्या सुमारास ढासळली होती. परड्यात त्या वर्षी घरची मिरची लागली नाही. पुढच्या वर्षीही नाही.

दोन हंगामांनी मला शहाणपण सुचले. दरसाल पुडी कशाला विकत घ्यायची, म्हणून त्या संकरित मिरचीचेच बी मी धरले आणि पेरले. झाडे मोठी झाली, फळे लागली, आणि पाहतो तर एका वाफ्यात चार गावचे पाहुणे! एक मिरची लांब, दुसरी ठेंगणी, तिसरी उभी, चौथी अशी की झाड उंच आणि फळे मोजकीच. मग आठवण झाली ती त्या गाडग्याची. ते उतरवले, राख चाळली, बी पेरले. पंधरा दिवस पाणी घातले, तीन आठवडे घातले. एकही कोंब वर आला नाही. घर शाकारायचे राहून गेले होते, पावसाळ्यात वर ओल धरली होती, आणि आत बी कधीच मेले होते.

आई १९९८ साली गेली. त्या मिरचीचा विषय तिने माझ्यापाशी एकदाही काढला नाही. तेच मला जास्त लागले.

आता माझ्या हातून काय चुकले ते सांगतो, म्हणजे तुमच्या हातून चुकणार नाही.

पहिली गोष्ट, संकरित बियाण्याची. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांची आई आणि बाप निवडून, त्यांचा मुद्दाम संकर करून तयार केलेले बी. त्याची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार असते. पण त्या पिढीचे बी धरून पेरले की आजी-आजोबांचे गुण पुढच्या पिढीत वेगवेगळे वाटले जातात, आणि झाडे एकमेकांसारखी निघत नाहीत. मेंडेल नावाच्या एका धर्मगुरूने वाटाण्याची रोपे वर्षानुवर्षे मोजून हे कोडे सोडवले आणि १८६६ साली ते छापून प्रसिद्ध केले. वरच्या वर्गाच्या शिक्षकांना हे ठाऊक आहेच. तेव्हा पुडीवर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापले असेल, तर ते बी एका हंगामापुरते समजावे. 'सुधारित जात' असे असेल, उदाहरणार्थ दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेची पुसा ज्वाला किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती, तर त्या झाडांचे बी घरी धरता येते. आणि जुनी घरची, गावची मिरची असेल तर प्रश्नच नाही. आपल्या शेतातले बी राखावे, पेरावे, दुसऱ्याला द्यावे, हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. त्या कायद्याखाली संरक्षित जातीचे बी नाममुद्रा छापून विकता येत नाही, एवढेच.

दुसरी गोष्ट, बी जिवंत असते. ते दाण्यासारखे दिसते, पण आत एक इवलासा जीव झोपलेला असतो. ऊब आणि ओल दोन्ही एकदम लाभली की तो जागा होतो. नुसतीच दमट हवा लागत राहिली की तो झोपेतच मरतो. मिरचीचे बी कोरड्या, थंड जागी दोन-तीन वर्षे टिकते. पण शहाण्याने दरवर्षी थोडे तरी पेरून नवे करावे. बी ठेवून टिकत नाही, लावून टिकते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

बी धरण्याची सुरुवात झाड उभे असतानाच होते. आपली एक खोड आहे. तोडा घरात आला, ढीग पडला, की त्यातली सगळ्यात मोठी, झोकदार मिरची उचलायची आणि म्हणायचे, "ही बियाला." पण ती मिरची कोणत्या झाडाची? ते झाड रोगट होते की निरोगी? त्याला अशा दोनच मिरच्या होत्या की दोनशे? ढिगात ते कळत नाही. म्हणून वाफ्यात फिरावे. ज्या झाडाचा पाला स्वच्छ आहे, ज्याला फळे भरपूर आणि सारख्या वळणाची आहेत, अशा पाच-सहा झाडांना रंगीत दोरा बांधावा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे, की या झाडांच्या चांगल्या मिरच्या हिरव्या खुडायच्या नाहीत. एकाच झाडाचे बी धरू नये. पाच-सहा झाडांचे एकत्र केले म्हणजे जातीचा जोम राहतो.

या झाडांवर मिरची पूर्ण लाल होऊ द्यावी. हिरवट फळातले बी कच्चे असते. मधल्या बहराची फळे घ्यावी. अगदी शेवटची, झाड थकल्यावरची घेऊ नयेत. आणि फळावर काळपट, खोलगट ठिपका असेल तर ते फळ कितीही मोठे असले तरी बाजूला काढावे. तो फळसडीचा रोग आहे. तो बियांबरोबर पुढच्या वर्षीच्या वाफ्यात जातो.

लाल मिरच्या चार-आठ दिवस सावलीत सुकू द्याव्या, मग उकलून बी काढावे. आधी हातांना थोडे गोडेतेल चोळावे, काम झाल्यावर साबणाने हात धुवावे, आणि तोवर डोळ्याला बोट लावू नये. मिरचीचा झोंबरेपणा पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणूनच नुसत्या पाण्याने हात धुऊन आग थांबत नाही. येथे एक गंमत सांगतो. आपण समजतो की तिखटपणा बियांत असतो. तो बियांत नसतो. बी ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेले असते, त्या गाभ्यात तो तयार होतो. बियांना तो नुसता लागलेला असतो.

पोपट मिरची आवडीने खातो, हे तर तुम्ही पाहिले आहेच. पाखरांना हा तिखटपणा जाणवतच नाही. पाखरू फळ खाते आणि बी धडके धडके लांब नेऊन टाकते. उंदरासारखे प्राणी बी चावून फोडतात, आणि त्यांनाच मिरची झोंबते. निसर्गाची ही योजना वर्गात मुलांना सांगून पाहा. मुले विसरणार नाहीत.

काढलेले बी ताटात पसरून सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर वाळवावे. पत्र्यावर, भर उन्हात टाकू नये. चटणीसाठी कडक उन्हात तापवलेल्या मिरचीचे बी पुष्कळदा उगवत नाही, त्याचे कारण हेच. नखाने दुमडून पाहावे. बी वाकले तर अजून ओल आहे. कटकन तुटले तर वाळले. मग कागदाच्या पुडीत घालून, ती पुडी घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावी. बाटलीच्या तळाला दोन चमचे कोरडी चाळलेली राख टाकावी, म्हणजे ओल राख ओढून घेते. आणि पुडीवर जातीचे नाव व वर्ष लिहावे. आमच्या आईला लिहिता येत नव्हते. तिच्या सगळे डोक्यात होते. पण डोक्यातले माणसाबरोबर जाते, कागदावरचे राहते.

पेरण्यापूर्वी बी जिवंत आहे की नाही, याची परीक्षा घ्यावी. हे काम शाळेत फार छान होते. शंभर बिया मोजाव्या. शंभर नसतील तर वीस घ्याव्या. ओल्या फडक्यावर ओळीने मांडून फडक्याची सैल गुंडाळी करावी, आणि ती उबदार जागी ठेवावी. फडके वाळू देऊ नये, पाण्यात बुडवूही नये. सातव्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी मोड मोजावे. सरकारी प्रमाणित मिरची बियाण्याला शंभरांत निदान साठ बिया उगवाव्या, असा नियम आहे. आपल्या शंभरांत सत्तर-ऐंशी आल्या तर आनंद मानावा. चाळीस आल्या तर बी दाट टाकावे. दहाच आल्या तर ते बी संपत आले असे समजून त्या दहांना जपावे. या एका फडक्यात मुलांचे शेकडेवारीचे गणित होते आणि निरीक्षणही होते.

आता पेरणी. मिरचीच्या बियाला ऊब फार लागते. पंचवीस ते तीस अंश उष्णता असेल तर आठ-दहा दिवसांत मोड येतो. ऐन थंडीत तेच बी तीन-तीन आठवडे हलत नाही, आणि आपण उगाच बियाला दोष देतो. पावसाळी पिकासाठी रोहिणी नक्षत्र निघाले, म्हणजे मे महिन्याची पंचवीस तारीख आली, की बी टाकावे. सहा आठवड्यांत रोप लावणीला येते, तोवर पुनर्वसूचा पाऊस सुरू झालेला असतो. उन्हाळी मिरचीसाठी संक्रांतीनंतर, थंडी ओसरू लागल्यावर बी टाकावे.

एका घरापुरती मिरची हवी असेल तर दहा-बारा झाडे पुष्कळ झाली. एक ग्रॅम बियांत दीडशेच्या आसपास बिया असतात, म्हणजे चिमूटभर बी बस्स. त्यासाठी वाफाही नको. फुटकी कुंडी, तेलाचा रिकामा डबा, लाकडी खोके, काहीही चालते. मात्र बुडाला भोके हवीत. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू, असे मिसळून चाळून घ्यावे. ताजे शेण घालू नये. जास्त रोपे करायची असतील तर परसात वीतभर उंचीचा गादीवाफा करावा. उंच एवढ्यासाठी, की पाणी थांबू नये.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी फडक्यावर निथळून घ्यावे. ट्रायकोडर्मा नावाची उपकारक बुरशी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात मिळते. तिची चिमूट बियांना चोळली तर रोपांचे पुष्कळ रोग टळतात. मग चार-चार बोटांवर ओळी आखून, ओळीत बी विरळ टाकावे. खोली अर्ध्या पेराएवढी, त्याहून अधिक नाही. वर चाळलेल्या मातीचा पातळ थर, त्यावर वाळल्या गवताचे पातळ पांघरूण, आणि झारीने पाणी. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी संध्याकाळी गवत उचलावे. एक-दोन दिवस उशीर झाला तर रोपे खालीच लांबट, पांढुरकी होतात आणि पुढे त्यांना बळ राहत नाही.

येथे मला माझ्या शाळेतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. एका वर्षी चौथीच्या मुलांनी डब्यात मिरचीचे बी टाकले. बी छान उगवले. मुलांना इतका आनंद झाला, की जो येई तो पाणी घाली. प्रार्थनेआधी एक तांब्या, मधल्या सुट्टीत एक, शाळा सुटताना एक. सोमवारी सकाळी येऊन पाहतो तो सगळी रोपे जमिनीलगत कापल्यासारखी आडवी पडलेली. एक मुलगी तर रडूच लागली. मुलांना वाटले, कुणी खोडी केली. खोडी कुणाची नव्हती. हा रोपे कोलमडण्याचा रोग. माती सतत ओली, रोपे दाट, ऊन-वारा कमी, असे झाले की मातीतली बुरशी रोपाचे खोड बुंध्याशी कुजवते. एकदा रोप पडले की ते उठत नाही. उपाय आधीच करायचा असतो. विरळ पेरणी, बुडाला भोके, सकाळचे ऊन, आणि बोट मातीत पेरभर खुपसून कोरडे लागले तरच पाणी. त्याच मुलांनी दुसऱ्यांदा बी टाकले तेव्हा पाणी घालण्याची पाळी लावली, आणि पाटीवर लिहिले, "आधी बोट, मग पाणी." त्या खेपेला एक्केचाळीस रोपे निघाली.

रोपे वर आली की त्यांच्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काठ्या रोवून ताणावा. पांढरी माशी, फुलकिडे यांना लहानपणीच अटकाव झाला तर पुढचा चुरडामुरडा, ज्याला कुणी बोकड्या म्हणतात, तो पुष्कळ कमी होतो. या रोगात पाने आक्रसून गोळा होतात. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी, हे लक्षात ठेवावे. पांढरी माशी तर रोगाचे विषाणूच एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. त्याला औषध नाही. असे झाड उपटून पुरावे. एरवी घरच्या झाडांना निंबोळीचा अर्क पुरतो. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे आणि संध्याकाळी पानांच्या खालूनही फवारावे.

सहा आठवड्यांचे, वीतभर उंचीचे रोप लावणीला योग्य. लावणीच्या आधी आठवडाभर पाणी थोडे कमी करावे आणि ऊन वाढवावे, म्हणजे रोप काटक होते. लावणी संध्याकाळी करावी. जमिनीत दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. कुंडीत एकच रोप लावावे. लोभ करून दोन लावली तर दोन्ही उपाशी राहतात. फुले आल्यावर कडक ऊन पडले किंवा पाण्याची ओढाताण झाली तर फुले गळतात. तेव्हा घाबरू नये, पाणी वेळेवर द्यावे. लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत हिरवी मिरची ताटात येते.

एक काळजी मात्र बियांसाठी वेगळी घ्यावी लागते. मिरचीचे फूल स्वतःच्या परागाने फळते खरे, पण मधमाश्या आणि इतर किडे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. शेजारी वेगळ्या जातीची मिरची असली तर या वर्षीची फळे बदलत नाहीत, पण त्यांच्या पोटातले बी मिसळीचे होते. पुष्कळ जण म्हणतात, तिखट मिरचीशेजारी ढोबळी लावली तर ढोबळी तिखट होते. त्याच वर्षी ती होत नाही. त्या ढोबळीचे बी धरून पेरले तर मात्र पुढच्या वर्षी तिखट ढोबळी निघू शकते, कारण तिखटाचा गुण प्रबळ आहे. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत दोनशे मीटर अंतर राखतात. परसात एवढे अंतर कुठून आणायचे? तर फुलू घातलेल्या एका फांदीवर पातळ मलमलीची पिशवी चढवावी, तोंड दोऱ्याने सैल बांधावे आणि रोज सकाळी फांदीला हलकी टिचकी मारावी. आत फळे धरली की पिशवी काढून त्या फळांच्या देठांना दोरा बांधावा. तेवढ्याच फळांचे बी धरावे. एका मिरचीत पन्नासाच्या वर बिया मिळतात. चार-सहा मिरच्या घराला पुरून उरतात.

श्रोते हो, ही मिरची मूळची आपली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिचे माहेर अमेरिका खंड. पोर्तुगीज दर्यावर्दींनी सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर आणली, आणि त्यांचे मोठे ठाणे होते गोवा. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटाला मिरी आणि पिंपळी. मिरीवरूनच हिला मिरची नाव पडले. चारशे-साडेचारशे वर्षांत ही परदेशची पोर आपल्या घरात अशी रुळली, की प्रत्येक मुलखाने तिला आपले वळण दिले. नागपूरकडे भिवापुरी, सीमेवर संकेश्वरी, पलीकडे कर्नाटकात ब्याडगी, गोव्यात काणकोणच्या डोंगरउतारावरची खोला. भिवापुरी, ब्याडगी आणि खोला यांना तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही वळणे कुणा एका शास्त्रज्ञाने दिली नाहीत. पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याने आणि त्याच्या बायकोने झाडाला दोरा बांधला, चांगले ते ठेवले, आणि मागेल त्याला मूठभर दिले. त्यातून ती घडली.

त्यावरूनच माझी राहिलेली गोष्ट पुरी करतो.

आई गेल्यानंतर सहा-सात वर्षांनी मी थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. ती घटप्रभेच्या काठी एका लहान गावात दिली आहे. जेवायला बसलो. अक्काने ताटात खर्डा वाढला, आणि पहिल्या घासाला माझा हात थांबला. मी विचारले, "अक्का, ही मिरची कुठली गं?"

अक्का म्हणाली, "कुठली म्हंजे? आईची. लगीन होऊन आले तवा आईनं ओटीत पुरचुंडी दिलीती. दरसाल लावतो की आम्ही."

मी म्हणालो, "मला वाटलं, ती संपली. माझ्या हातनं गेली."

त्यावर ती हसली. "अरं, बी काय एका घरात ठेवत्यात व्हय? आई म्हणायची, बी दिल्यालं ऱ्हातंय."

मी पुरचुंडी घेऊन आलो. चाळीस झाडे लावली. त्यातली पाच जरा वेगळी निघाली. अक्काच्या शेजारच्या मळ्यात दुसरी मिरची असायची, तिचा पराग कधीतरी लागला असावा. ती पाच मी उपटली. उरलेल्या पस्तिसांना मिरच्या धरल्या त्या देठाशी सुरकुतलेल्या, टोकाला बाकदार आणि खाली लोंबणाऱ्या. ज्या दिवशी पहिली परतली त्या दिवशी भिंतीपलीकडून कुणी विचारले नाही. विचारणारी बाईही आता राहिली नाही. पण तिची सून मागच्या दाराने वाटी घेऊन आली, आणि जाताना बी मागून गेली.

तेव्हा माझी आज दोन मागणी आहेत. शेतकरी बंधुभगिनींनो, विक्रीच्या पिकाला जे बियाणे परवडते ते खुशाल लावा. पण परसात दहा झाडे तरी आपल्या घरच्या मिरचीची ठेवा. आपल्याकडचे बी गेले असेल तर आत्याकडे, मावशीकडे, लेकीच्या सासरी विचारा. कुठल्या तरी उतरंडीत ते अजून जिवंत असेल. आणि शिक्षक मित्रांनो, वर्गातल्या मुलांना सांगा, की घरी जी जुनी मिरची असेल तिच्या दहा बिया कागदात घालून आणा, पुडीवर आजीचे नाव आणि वर्ष लिहा. त्या शाळेत पेरा. वर्षअखेरीस प्रत्येक मुलाच्या हाती दोन पुड्या द्या. एक स्वतःच्या घराला, आणि दुसरी अशा घराला की जिथे ती मिरची नाही.

येत्या रोहिणीला फार दिवस नाहीत. उतरंडी आताच चाळायला घ्या.